मूळ, कृती आणि प्रत : छायाचित्रांचा संग्रह आणि बाहेरचा कारागीर

घरोघरी आता छायाचित्रांचा साठा हजारांत मोजावा लागतो. मोबाइलवरचे, कॅमेऱ्यातले आणि जुन्या अल्बममधून स्कॅन केलेले फोटो एकाच संगणकात येऊन पडतात. ते लावून ठेवायला, हवा तेव्हा हवा तो फोटो शोधून द्यायला एक प्रोग्रॅम लागतो. एखाद्या फोटोवर बारीक काम करायचे तर बहुधा दुसराच प्रोग्रॅम उघडावा लागतो. पहिल्याला आपण संग्रहपाल म्हणू आणि दुसऱ्याला कारागीर. फोटो संग्रहपालाकडून कारागिराकडे जातो आणि परत येतो, तेव्हा त्याचे नेमके काय होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणूनच मूळ फोटो कोणता आणि दुरुस्त केलेला कोणता, असा घोळ पुढे होतो.

दोन वेगळ्या घराण्यांचे प्रोग्रॅम

थॉमस आणि जॉन नोल या भावांनी घडवलेला फोटोशॉप १९९० साली बाजारात आला. त्याची पद्धत सरळ होती. एक फाइल उघडायची, तिच्यातले पिक्सेल बदलायचे आणि फाइल जतन करायची. त्याच्या लेखी जग म्हणजे समोर उघडलेली एक फाइल. डिजिटल कॅमेरे आले आणि छायाचित्रकार एका कार्यक्रमाचे शेकडो फोटो काढू लागले, तेव्हा ही पद्धत अपुरी पडली. २००५ साली ॲपलने ॲपर्चर आणले आणि २००७ साली अडोबीने लाइटरूम. हौशी लोकांमध्ये पिकासा लोकप्रिय झाला. गूगलने तो २००४ साली विकत घेतला आणि फुकट देऊ केला. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी डिजिकॅम होताच.

या नव्या घराण्याचा मुख्य नियम असा, की मूळ फाइलला हात लावायचा नाही. आपण फोटो उजळ केला, तिरका होता तो सरळ केला, कडा कापल्या, तरी डिस्कवरची मूळ फाइल तशीच राहते. संग्रहपाल फक्त सूचनांची यादी लिहून ठेवतो : उजेड इतका वाढव, इतक्या अंशांनी फिरव, डावीकडून इतके काप. पडद्यावर दिसतो तो फोटो मूळ फाइल आणि ही यादी यांच्यापासून दर वेळी नव्याने तयार होतो. यादी पुसली की मूळ फोटो जसाच्या तसा समोर येतो.

ही कल्पना संगणकाच्या आधीची आहे. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स मुळात पियानोवादनाचे शिक्षण घेतलेले. निगेटिव्ह म्हणजे संगीतकाराची स्वरलिपी आणि छापलेला फोटो म्हणजे तिचे वादन, अशी तुलना ते करत. स्वरलिपी एकच असते, वादन प्रत्येक वेळी वेगळे होऊ शकते. आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचे तर मूळ फाइल म्हणजे शिधा, सूचनांची यादी म्हणजे कृती आणि बाहेर काढलेली प्रत म्हणजे तयार पदार्थ.

उंबरठा ओलांडताना

आता समजा, आजोबांच्या जुन्या फोटोवर मधोमध भेग गेली आहे. फोटो उजळ करणे संग्रहपालाला जमते. पण भेग हळूहळू भरत नेणे, कोटाची वीण जुळवणे, प्रत्येक दुरुस्ती वेगळ्या थरावर ठेवणे ही कारागिराची कामे. त्यासाठी फोटो फोटोशॉप किंवा गिंपसारख्या प्रोग्रॅमकडे पाठवावा लागतो.

इथे अडचण येते. संग्रहपालाने लिहिलेली कृती बाहेरच्या कारागिराला सहसा वाचता येत नाही. म्हणून संग्रहपाल मूळ फाइल आणि कृती मिळून एक नवी फाइल शिजवतो आणि ती पुढे देतो. पाठवण्याआधी केलेले बदल त्या नव्या फाइलमध्ये कायमचे मुरतात. म्हणूनच उजेड आणि रंग यांची मोठी दुरुस्ती आधी संग्रहपालात करावी आणि बारीक कारागिरी नंतर बाहेर करावी, हा क्रम सोयीचा ठरतो. उलट केले तर पायाच बदलताना वरची नक्षी पुन्हा करावी लागते.

ही नवी फाइल एवढी मोठी का असते, असे अनेकांना वाटते. हिशेब करून पाहू. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो ६००० गुणिले ४०००, म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेलचा असतो. नेहमीच्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलपाशी लाल, हिरवा, निळा यांपैकी एकाच रंगाची नोंद असते. उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने काढतात. शिजवलेल्या फाइलमध्ये मात्र तिन्ही रंग लिहावे लागतात. १६ बिटच्या टिफ फाइलमध्ये प्रत्येक रंगाला २ बाइट, म्हणजे एका पिक्सेलला ६. एकूण १४ कोटी ४० लाख बाइट, म्हणजे १४४ मेगाबाइट. त्यावर थर चढले की आकार आणखी वाढतो.

मग लहानशी जेपेग का पाठवू नये? जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. संध्याकाळच्या आकाशासारखा हळूहळू बदलणारा रंग जेपेगमध्ये ताणला, की त्यावर पट्टे दिसू लागतात. शिवाय बदल करून जेपेग पुन्हा जतन केली, की प्रत्येक वेळी थोडा तपशील गळतो. कारागीरही १६ बिट जाणणारा हवा. गिंपमध्ये ही सोय २०१८ च्या २.१० या आवृत्तीपासून आली.

परतीची वाट

काम झाल्यावर फाइल त्याच नावाने, त्याच जागी जतन करावी. मग ती संग्रहपालाला सापडते आणि मूळ फोटोशेजारी दिसते. ‘सेव्ह ॲज’ करून तिला नवे नाव किंवा दुसरे फोल्डर दिले, की ती डिस्कवर असते पण संग्रहाच्या वहीत तिची नोंद नसते. याच कारणाने संग्रहातली फाइल थेट फोल्डरमधून उघडून बदलू नये. फाइल बदलते आणि संग्रहपालाला त्याचा पत्ताही नसतो.

दुसऱ्यांदा काम करायचे असेल, तर लाइटरूम तीन पर्याय पुढे ठेवते : बदलांसह प्रत, नुसती प्रत आणि मूळ. थर असलेली टिफ पुन्हा उघडताना ‘बदलांसह प्रत’ निवडली, की सगळे थर एकजीव होतात. थर शाबूत हवे असतील तर तीच टिफ ‘मूळ’ म्हणून उघडावी लागते. पण कॅमेऱ्यातून आलेल्या जेपेगसाठी हाच पर्याय निवडला, तर कारागीर खऱ्या मूळ फोटोवरच लिहितो. एकच शब्द एका ठिकाणी काम वाचवतो आणि दुसऱ्या ठिकाणी मूळ घालवतो.

कृती वाचणारा गेला तर

मूळ सुरक्षित आणि बदल कधीही मागे घेता येण्याजोगे, हे ऐकायला छान वाटते. पण ती कृती फक्त एकाच प्रोग्रॅमला कळते. ॲपलने २०१४ साली ॲपर्चरचा विकास थांबवत असल्याचे जाहीर केले आणि २०१९ च्या मॅक प्रणालीवर तो चालेनासा झाला. लाइटरूमकडे वळलेल्यांचे मूळ फोटो आणि शोधशब्द नव्या घरी आले, ॲपर्चरमधल्या दुरुस्त्यांची कृती मात्र आली नाही. २०१६ साली गूगलने पिकासाही बंद केला.

अशा वेळी बाहेरच्या कारागिरासाठी शिजवलेली ती अवजड टिफ उपयोगी पडते. टिफ १९८६ पासूनची आहे आणि तिचे नियम खुले असल्याने कितीतरी प्रोग्रॅम ती उघडतात. म्हणून ज्या फोटोंवर मेहनत घेतली, त्यांची तयार प्रत मूळ फोटोशेजारी ठेवावी, नावात ‘दुरुस्त’ असा शब्द जोडावा. फोटोत कोण आहे, कुठला आहे, ही माहितीही संग्रहपालाच्या वहीत कोंडून ठेवू नये. एक्सएमपी या प्रमाणित पद्धतीने ती फाइलच्या आत किंवा तिच्या जोडफाइलमध्ये लिहिता येते. ही सोय बऱ्याच संग्रहपालांत असते, पण अनेकदा ती आपण स्वतः चालू करावी लागते.

मूळ स्कॅन जपण्याला आणखी एक कारण आहे. भेग भरताना आजोबांच्या गालावर आलेले पिक्सेल हा कारागिराचा अंदाज असतो. कॅमेऱ्याने ते पाहिलेले नसतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्या संपादकांनी एक पाठ निवडला आणि बाकीचे पाठभेद पानाच्या तळाशी नोंदवले. आपली निवड पटली नाही तर वाचकाला दुसरा पाठ पाहता यावा, ही सोय त्यांनी ठेवली. फोटोच्या संपादनालाही हाच न्याय लावता येतो. दुरुस्त फोटो भिंतीवर लावावा आणि भेगेचा फोटो संग्रहात ठेवावा. पन्नास वर्षांनी कोणा नातवाला त्या दोन्हींची तुलना करावीशी वाटली, तर ती करता आली पाहिजे.