लहान मुलांतील रक्तक्षय आणि घरचे अन्न

चुनखडीच्या जमिनीतील उसास केवडा पडतो, हे शेतकरी बंधूंना ठाऊक आहेच. (बाजरीवरील बुरशीचा केवडा तो निराळा.) अशा जमिनीत लोह नसते असे नाही, परंतु ते मुळांना घेता येत नाही. लहान मुलांच्या रक्तक्षयाचेही पुष्कळसे असेच आहे. घरात बाजरी असते, परसात शेवगा असतो, तरीही मूल फिकट पडते, लवकर दमते, क्वचित माती खाऊ लागते.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 6 महिने ते 5 वर्षे वयाची 68.9 टक्के मुले रक्तक्षयी आढळली. जंत, हिवताप, सिकलसेल ही कारणेही असतात. तथापि लोहाची उणीव हे त्यांतील मोठे कारण होय.

जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सुमारे सहा महिने पुरतो. पुढे स्तनपान चालू ठेवावेच, परंतु वरचे अन्न लागते. गाईम्हशीच्या दुधात लोह अत्यल्प असते. केवळ दुधावर मूल वाढविणे म्हणूनच अपुरे पडते. त्याहून वाईट म्हणजे चहात बुडवलेली भाकरी. चहातील द्रव्ये भाकरीतील लोहास बांधून ठेवतात. उलट मोड आलेल्या मटकीचे मऊ वरण, कुसकरलेली पालेभाजी व वर लिंबाचे चार थेंब, एवढ्याने तेच लोह अधिक अंगी लागते. ज्यांच्याकडे चालते त्यांनी अंडे, मासळी वा मांस बारीक करून द्यावे. मांसमासळीतील लोह सहज शोषले जाते.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने व इक्रिसॅटने सिद्ध केलेला बाजरीचा ‘धनशक्ती’ वाण राज्यात 2012 साली प्रसारित झाला. त्याच्या दाण्यात सामान्य वाणांहून लोह अधिक असते. आम्ही अधिकारी मात्र वाण सांगताना एकरी उतारा तेवढा सांगतो, हेही खरे.

6 महिन्यांवरील मुलांस आशा कार्यकर्तीकडून लोहाचे पातळ औषध मिळते. ते आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी 1 मिलिलिटर द्यावयाचे असते. त्याने शौचास काळपट होते. त्यास भिऊन औषध बंद करू नये, असे ग्रामसेवकांनी मातांस आवर्जून सांगावे. मूल फारच फिकट असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. पिकावर फवारण्याचा हिराकस मुलास कदापि देऊ नये. औषधाची बाटलीही उंच फळीवर ठेवावी. गोड लागते म्हणून मुलाने ती संपविल्यास जिवावर बेतते.