दार कुठल्या तोंडाला?

आजच्या गप्पांना निमित्त झालं एका फोनचं. दौंड तालुक्यातल्या एका वाडीवरून एक ताई बोलत होत्या, आवाज अगदी खाली. घरात कुणी ऐकू नये म्हणून गोठ्यात येऊन बोलते म्हणाल्या. घरकुल बांधून दोन वर्षं झालेली, दार दक्षिणेला. दुसरीही मुलगी झाली आणि त्याच महिन्यात नवऱ्याच्या टेम्पोचा हप्ता थकला. दिरांनी गावातून कुणी वास्तू आणि फेंगशुई दोन्ही जाणणारे गृहस्थ आणले. त्यांनी सांगितलं, घरातली सगळी ऊर्जा या दारातून वाहून जाते, हे बुजवा आणि उत्तरेला दार पाडा. खर्चासाठी ताईंच्या आईनं दिलेल्या पाटल्या गहाण टाकायचं घरात ठरत होतं. ताईंचा प्रश्न एवढाच होता: “दार फिरवल्यानं खरंच फरक पडतो का?”

दारानं घरात फरक पडतो. मात्र तो कशानं पडतो, हे बघायला हवं. म्हणून आधी फेंगशुई म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे तिची ओळख झाली ती दुकानात टांगलेल्या घंट्या, हसरा बुद्ध, लाल दोऱ्यातली तीन नाणी यांच्यामुळे. पण चिनी भाषेत ‘फेंग’ म्हणजे वारा आणि ‘शुई’ म्हणजे पाणी. घर कुठं बांधावं, थडगं कुठं असावं, ते ठरवताना वारा कुठून येतो आणि पाणी कुठं आहे ते बघायचं, अशी ती जुनी विद्या. घरात, रानात, माणसात एक प्राण खेळतो, त्याला ते ‘ची’ म्हणतात. वाऱ्यानं तो विखुरतो, पाण्यापाशी थांबतो, अशी त्यांची समजूत. मुख्य दार हे घराचं तोंड, कारण ‘ची’ तिथूनच आत येतो. म्हणून दारासमोर कचरा नको, खांब नको, सरळ अंगावर येणारा रस्ता नको. पुढचं दार आणि मागचं दार एका रेषेत नको, नाहीतर आलेला ‘ची’ न थांबता मागून निघून जातो. पलंगाचे पाय दाराकडे नकोत. हे ऐकताना आपल्या आजीचीच आठवण होते, नाही का?

आता मजा ऐका. या चिनी विद्येत घराचं सगळ्यात चांगलं तोंड कुठलं? दक्षिणेचं! उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात उत्तरेकडून हाडं गोठवणारा वारा येतो. म्हणून घराची पाठ उत्तरेला आणि दारं-खिडक्या दक्षिणेला, म्हणजे थंडीतलं कलतं ऊन थेट घरात. बेजिंगमधल्या जुन्या चौकाच्या घरांत मुख्य खोली अशीच दक्षिणेकडे तोंड करून असते. म्हणजे ताईंचं जे दार त्या गृहस्थांनी फेंगशुईचं नाव घेऊन अशुभ ठरवलं, तेच दार फेंगशुईच्या मायदेशात लोक मुद्दाम मागून घेतात. दोन्ही शास्त्रांचा काला करून विकला की असं होतं.

बरं, आपलं वास्तुशास्त्र तरी दक्षिणेला सरसकट वाईट म्हणतं का? वराहमिहिराची ‘बृहत्संहिता’ सहाव्या शतकातली. तिच्यात घराच्या चारी बाजूंना आठ-आठ अशा दाराच्या ३२ जागा धरल्या आहेत आणि प्रत्येक जागेचं फळ वेगळं सांगितलं आहे. दक्षिणेच्या बहुतेक जागा वाईट, हे खरं. पण तिथल्या चौथ्या जागेला खाणंपिणं आणि मुलंबाळं वाढतात, असं फळ दिलं आहे. आणि जी पूर्व आपण डोळे झाकून शुभ मानतो, तिच्या आठांतल्या काही जागांना आगीचं भय, खोटेपणा, क्रूरपणा, चोरी अशी फळं आहेत. दारासमोर झाड, विहीर, खांब, कोपरा आला तर वेध होतो, असंही तो ग्रंथ सांगतो. पण लगेच सूटही देतो: उंचीच्या दुप्पट जागा मध्ये सोडली असेल तर दोष नाही. नुसतं ‘दक्षिण म्हणजे यमाची दिशा’ एवढं सांगून पैसे घेणाऱ्यांनी हा भाग वाचलेला नसावा.

त्याच यादीत एक गोष्ट आहे, ती वाचून आम्ही थांबलो. पूर्वेकडच्या दुसऱ्या जागेचं फळ दिलं आहे, मुलीचा जन्म. आगीचं भय आणि भरपूर धन यांच्या मधोमध ते मांडलेलं आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला मुलगा-मुलगी कशानं ठरते ते ठाऊक नव्हतं, त्याला आपण काय बोलणार. पण आज आपल्याला ठाऊक आहे. बापाकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. त्यात आईचा हात नाही, मग चौकटीचा कुठून असणार? ताईंना आम्ही हे फोनवरच सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मग दार फिरवायचं की नाही? त्यासाठी आपल्या शिरूर-दौंडचा वारा आणि ऊन बघू. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण साडेअठरा अंशांवर आहोत. मेच्या मध्याला भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. तिथून जुलैअखेरपर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेला असतो, बाकी वर्षभर दक्षिणेला. डिसेंबरात तर चांगलाच कललेला. त्यामुळे दक्षिणेच्या दाराला वर दोन फुटांचं छज्जं किंवा पत्र्याची पडवी असली, की उन्हाळ्यात दुपारचं ऊन आत शिरत नाही आणि थंडीत मात्र उंबऱ्याच्या आत येऊन बसतं. पापड-शेवया वाळवायला, बाळंतिणीला शेकायला ते बरंच. खरं भाजणारं दार पश्चिमेचं. एप्रिल-मेमध्ये चारच्या सुमाराला सूर्य खाली उतरलेला असतो, छज्जं काही कामाचं नाही, भिंत तापते ती रात्री दहापर्यंत थंड होत नाही. त्यात उन्हाळी दुपारचा झळांचा वाराही पश्चिमेकडूनच, आणि पावसाळी वाराही पश्चिम-नैऋत्येचा. आपल्या दुष्काळी पट्ट्यात पाऊस कमी पडतो पण वारा भरपूर, म्हणून पश्चिमेच्या दारातून आधी धूळ येते आणि पाणी नंतर.

चूल आग्नेयेला असावी, असं आपल्याकडे म्हणतात. त्याचाही अर्थ इथं लागतो. पश्चिमेचा वारा धूर पूर्वेकडे ढकलतो. चूल पूर्वेच्या अंगाला असेल आणि तिथं झरोका असेल, तर धूर घराबाहेर जातो. तीच चूल पश्चिमेला मांडली तर सगळा धूर घरभर फिरून मग बाहेर पडणार. गॅस आलेल्या घरातही पाणी तापवायला, भाकरीला चूल पेटतेच, आणि तो धूर कुणाच्या छातीत जातो ते तुम्हाला सांगायला नको.

आता पुढचं आणि मागचं दार समोरासमोर नको, या नियमाचं काय? थंड देशात ठीक आहे, ऊब टिकायला हवी. आपल्याकडे मेमधल्या रात्री आलेला वारा पलीकडून निघून गेलेलाच बरा. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारून बघा, हवा आत जात नाही. बाहेर पडायला वाट नसेल तर वारा दारातूनच परत फिरतो. एकच दार आणि एकच खिडकी, तीही एकाच भिंतीत, अशी कितीतरी घरकुलं आम्ही पाहिली आहेत. तिथं दिशा कुठलीही असो, घुसमट ठरलेली.

जुन्या माणसांना हे कळत होतं. आपल्या वाड्यांत दिंडी दरवाजातून थेट चौक दिसत नाही. आधी देवडी, मग वळण, मग चौक. बाहेरच्याची नजर अडते, धूळ अडते, आणि चौकातून गरम हवा वर निघून जाते. चिनी चौकाच्या घरातही दाराच्या आत एक आडवी भिंत उभी करतात. ते म्हणतात ती अपशकुन अडवायला, आपण म्हणतो नजर अडवायला. काम एकच.

आणि दिशेनंच सगळं राखलं असतं तर पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेला आहे, तरी १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून त्याच वाड्यात झाला.

आपल्या शिरूर तालुक्यातलंच इनामगाव घ्या. घोडनदीच्या काठी डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ ते १९८३ या काळात तिथं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांहून जुनी, शंभराहून जास्त घरं सापडली. आधीच्या काळात मोठी चौकोनी घरं होती. पुढं पाऊसपाणी आटत गेलं तशी ती जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. मेलेल्यांना ते घराच्याच जमिनीखाली पुरत, तान्ह्या मुलांना दोन रांजणांची तोंडं जोडून. आजच्या वास्तुवाल्यानं ते पाहिलं तर घेरीच येईल! पण त्या घराचा आकार ठरवला तो पावसानं आणि पोटानं.

दिशा ठरवायची तर ती नीट तरी ठरवावी. सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो तो २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपासच. डिसेंबरात तो पूर्वेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. आणि मोबाईलमधलं होकायंत्र लोखंडी दाराजवळ, पत्र्याच्या शेडखाली धरलं की चळतं. ताईंच्या घरी त्या गृहस्थांनी लोखंडी चौकटीत उभं राहूनच मोबाईल धरला होता म्हणे. अंगणात भर दुपारी एक काठी उभी करा, तिची सगळ्यात आखूड सावली उत्तर-दक्षिण दाखवते. मेच्या मध्यापासून जुलैअखेर मात्र ही युक्ती नको, सावली फार लहान असते आणि उलटीही पडते.

आम्ही दोघी-तिघी एका रविवारी ताईंच्या घरी गेलो. प्रधानमंत्री आवास योजनेचं घर, २०१६ साली योजना आली तेव्हा किमान माप २५ चौरस मीटर आणि अनुदान १ लाख २० हजार रुपये ठरलेलं, म्हणजे एक पैही वाया घालवायला जागा नाही. दक्षिणेला दार, समोर रस्ता आणि रस्त्यावर दिवा. पश्चिमेला ऊस. उत्तरेला शेजाऱ्याची भिंत, मध्ये जेमतेम अडीच फुटांची बोळ. म्हणजे सुचवलेलं शुभ दार त्या बोळीत उघडणार होतं, आणि बोळ जाणार होती उसाकडे. भीमा-घोडच्या ऊसपट्ट्यात बिबट्याची भीती काय असते ते शिरूरकरांना माहीत आहे. अंधारात पोरीचा हात धरून त्या बोळीतून बाहेर पडायचं, कुणी? दिरांनी नाही, ताईंनीच. शिवाय घराला सिमेंटचे कॉलम नाहीत, छताचा भार भिंतींवरच. अशा भिंतीत लिंटेल न टाकता दार पाडलं तर तडा जाणार, आणि कोपऱ्यापासून निदान दोन फूट सोडल्याशिवाय तर पाडूच नये.

आम्ही एक उदबत्ती लावून घरभर फिरलो. तुम्हीही करून बघा, संध्याकाळी चार-पाचला. धूर दारापाशी आत वळला, खोलीच्या मध्यावर आला आणि तिथंच घुटमळत राहिला. उत्तरेच्या भिंतीत वर एक झरोका हवा होता, एवढंच.

सासूबाई हे सगळं बाजेवर बसून बघत होत्या. ऊन-वाऱ्याचं बोलणं त्यांनी एका कानानं ऐकलं. मग आमच्यातल्या एकीनं विचारलं, “मावशी, अष्टविनायक झालेत का?” झाले होते, दोनदा. रांजणगावच्या महागणपतीचं तोंड पूर्वेला, भीमेपलीकडच्या सिद्धटेकचं उत्तरेला, आणि लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाचं देऊळ? त्यांनी थोडा विचार केला. सगळ्या पायऱ्या चढून गेल्यावर ऊन कुठून तोंडावर येत होतं ते आठवलं बहुतेक. “दक्षिणेला की गं,” म्हणाल्या. “आणि मारुती तर दक्षिणमुखीच शोधत जातो आपण.”

पाटल्या घरातच राहिल्या. उत्तरेच्या भिंतीत लिंटेलखाली दीड बाय एकचा झरोका काढला, चूल पूर्वेच्या अंगाला सरकवली, दारावर पत्र्याचं छज्जं आलं. गवंड्याचं एका दिवसाचं काम. त्या गृहस्थांनी आधीच विकलेली घंटी मात्र सासूबाईंनी दक्षिणेच्या दारातच टांगली आहे. पैसे दिलेत, तर वाजू दे, म्हणतात. संध्याकाळी वारं सुटलं की ती वाजते, आणि धाकटी नात पाळण्यातून तिकडं बघते.