विश्लेषण : अमली पदार्थांच्या गुन्ह्यात दुसऱ्यांदा दोषी… दीडपट शिक्षेविरुद्धच्या अपिलात काय तपासले जाते?

वीस किलोंहून अधिक गांजा बाळगल्याचे सिद्ध झाले, तर एनडीपीएस कायद्यानुसार किमान १० आणि कमाल २० वर्षे सक्तमजुरी होते. आरोपी याआधीही अशाच गुन्ह्यात दोषी ठरलेला असेल, तर कलम ३१ नुसार हेच आकडे १५ आणि ३० वर्षांवर जातात. किमान शिक्षा कायद्यानेच ठरवली असल्याने न्यायाधीशांना त्याखाली जाता येत नाही. म्हणूनच उच्च न्यायालयातील अपिलात घरची परिस्थिती, वय या मुद्द्यांचा फारसा उपयोग होत नाही. जुनी दोषसिद्धी मोजता येते का, हा खरा प्रश्न असतो.

जुनी दोषसिद्धी केव्हा मोजतात?

मेख आहे ती दोन्ही गुन्हे ‘तितक्याच शिक्षेस पात्र’ असण्याच्या अटीत. पूर्वी अर्धा किलो गांजासाठी (कमाल शिक्षा एक वर्ष) दोषी ठरलेल्या माणसाकडे आता २५ किलो सापडला, तर दीडपटीचा नियम लागू होत नाही. पोलिसांकडे नोंदलेल्या गुन्ह्यांची यादीही पुरत नाही. दोषसिद्धी झालेली असावी लागते, तिचा उल्लेख दोषारोपात हवा आणि आरोपीने ती नाकारली तर सरकारी पक्षाने निकालाची प्रत देऊन ‘तो माणूस हाच’ हे सिद्ध करायचे असते. पहिली शिक्षा दरम्यान अपिलात रद्द झाली असेल, तर वाढीव शिक्षेचा पायाच निघून जातो. परदेशी न्यायालयातील दोषसिद्धी मात्र इथे धरली जाते.

नव्या दोषसिद्धीवर आक्षेप कोणते?

नमुने कलम ५२-अ नुसार दंडाधिकाऱ्यांसमोर घेतले का, अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर झडती घेण्याच्या हक्काची कल्पना दिली का, हे नेहमीचे मुद्दे. तपास अधिकाऱ्यांसमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून वापरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले.

फाशीचे काय?

मोठ्या साठ्यांसाठी (हेरॉइन एक किलो, चरस २० किलो) कलम ३१-अ मध्ये दुसऱ्या दोषसिद्धीला फाशी अनिवार्य होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ही सक्ती घटनाबाह्य ठरवली. २०१४ च्या दुरुस्तीने फाशी ऐच्छिक झाली.

सुनावणी होईपर्यंत सुटका?

अपिलाची मुदत ६० दिवस. वकील परवडत नसल्यास तुरुंगातूनही ते पाठवता येते आणि विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. कलम ३२-अ शिक्षेला स्थगिती नाकारत होते. महाराष्ट्रातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये न्यायालयांचा स्थगितीचा अधिकार मान्य केला, पण कलम ३७ च्या अटी कायम ठेवल्या. आरोपी निर्दोष असल्याचे मानण्यास सबळ कारण हवे आणि बाहेर आल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटायला हवी. दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्याच्या बाबतीत ही दुसरी अटच आडवी येते. जुनी दोषसिद्धी अपिलात टिको न टिको, निकाल लागेपर्यंत तिच्यापायी तुरुंगात राहावे लागू शकते.