एका मताची किंमत ५७६

गेल्या जिमखाना इलेक्शननंतर आमच्या मजल्यावरच्या एका मुलाशी दोन दिवस कुणी धड बोलत नव्हतं. त्याचा गुन्हा एवढाच, की आपल्या विंगचा उमेदवार सोडून त्याने समोरच्या विंगच्या मुलाला मत दिलं, आणि मेसमध्ये जेवताना ते सांगूनही टाकलं. मग काय, 'गद्दार' सुरू! तो बिचारा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "अरे, तो मला जास्त चांगला वाटला."

आरडाओरडा ऐकून रेक्टर सर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाले, "म्हणजे याने एकोणसत्तर केलं म्हणा की!" आम्हा कुणालाच काही कळलं नाही. मग मी शोधलं, वाचलं, कॅल्क्युलेटर घेऊन आकडे मांडले. मंडळी, तेच इथे सांगतोय.

राष्ट्रपती कोण निवडतं?

एकोणसत्तर म्हणजे १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक. आपल्या देशात राष्ट्रपतीला तुम्ही-आम्ही मत देत नाही. निवडून आलेले खासदार आणि आमदार देतात. पण प्रत्येक मताचं वजन वेगळं. आमदाराच्या मताची किंमत त्याच्या राज्याच्या लोकसंख्येवरून ठरते. २०२२ च्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताची किंमत १७५ होती, गोव्याच्या २०, उत्तर प्रदेशच्या २०८ आणि सिक्कीमच्या फक्त ७. सगळ्या आमदारांच्या मतांची बेरीज करायची, तिला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागायचं, की आली एका खासदाराच्या मताची किंमत. १९६९ साली ती ५७६ होती. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी गोष्ट, मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसतो. उमेदवारांसमोर १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा. पहिली पसंती लिहायलाच हवी, बाकीच्या ऐच्छिक. एकूण वैध मतांच्या निम्म्याहून जास्त मतं ज्याला, तो जिंकला. पहिल्या पसंतीत कुणालाच तेवढी मिळाली नाहीत, तर सगळ्यात खालचा उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती बघायची. असं करत करत वर यायचं.

आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे मतदान गुप्त असतं. तसं घटनेच्या कलम ५५ मध्येच लिहिलेलं आहे.

घरातलं भांडण

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचं पदावर असतानाच निधन झालं. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. आता नवा राष्ट्रपती कोण, यावरून काँग्रेसमध्ये जुंपली.

तेव्हा काँग्रेसमध्ये दोन गट होते. एका बाजूला पंतप्रधान इंदिरा गांधी. दुसऱ्या बाजूला पक्षाचे जुने पुढारी, ज्यांना 'सिंडिकेट' म्हणत. त्यात कामराज, पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा, अतुल्य घोष आणि आपल्या मुंबईचे स. का. पाटील. मोरारजी देसाईही त्यांच्याच बाजूचे. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसचं लोकसभेतलं बहुमत घसरून २८३ जागांवर आलं होतं. अशा वेळी राष्ट्रपतिपद हे नुसतं शोभेचं राहत नाही. सरकार डळमळलं तर पुढच्या पंतप्रधानाला कोण बोलावणार? राष्ट्रपतीच. त्यामुळे तिथे सिंडिकेटचा माणूस बसला तर आपली खुर्ची जाईल, अशी धास्ती इंदिराबाईंच्या गोटात होती.

जुलैमध्ये बंगळूरला पक्षाच्या संसदीय मंडळाची बैठक झाली. इंदिरा गांधींनी जगजीवनराम यांचं नाव सुचवलं. मंडळाने मात्र लोकसभेचे सभापती नीलम संजीव रेड्डी यांना निवडलं. विशेष म्हणजे इंदिराबाईंच्याच मंत्रिमंडळात गृहमंत्री असलेले यशवंतराव चव्हाण यांनीही रेड्डींच्याच बाजूने मत दिलं. म्हणजे मतं फुटायला सुरुवात बैठकीपासूनच झाली म्हणायची!

पुढचे काही दिवस म्हणजे निव्वळ धावपळ. इंदिरा गांधींनी मोरारजींकडून अर्थखातं काढून घेतलं. १९ जुलैला १४ मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं. दुसऱ्या दिवशी गिरींनी राजीनामा दिला आणि ते अपक्ष म्हणून उभे राहिले. राष्ट्रपती नाही आणि उपराष्ट्रपतीही नाही, म्हणून सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांना महिनाभर राष्ट्रपतिपदाचं काम पाहावं लागलं.

मैदानात एकूण १५ उमेदवार होते, पण खरी लढत तिघांची. रेड्डी काँग्रेसचे अधिकृत. गिरींना कम्युनिस्ट, द्रमुक वगैरेंचा पाठिंबा. आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख! रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे केंद्रात अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावरून १९५६ मध्ये मंत्रिपद सोडणारे तेच हे. त्यांना जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाने उभं केलं होतं.

आता गंमत बघा. रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर स्वतः इंदिरा गांधींची सही होती. पण निजलिंगप्पा दुसऱ्या पसंतीची मतं मिळवण्यासाठी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या पुढाऱ्यांशी बोलले, आणि इंदिरा गटाला मुद्दाच मिळाला. ज्यांच्याशी आयुष्यभर लढलो त्यांच्याशी हातमिळवणी करता? इंदिराबाईंनी व्हिप काढायला नकार दिला आणि खासदार-आमदारांना सांगितलं, अंतरात्म्याच्या आवाजाप्रमाणे मत द्या. गिरींचं नाव घेतलं नाही, पण समजायचं ते सगळे समजले.

कॅल्क्युलेटर काढा

१६ ऑगस्टला मतदान झालं, २० ऑगस्टला मोजणी. वैध मतांचं एकूण मूल्य ८,३६,३३७. जिंकायला हवीत ४,१८,१६९.

पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतं पडली. म्हणजे कुणीच कोटा गाठला नाही. पण काँग्रेसचे बरेच लोक पक्षाचा उमेदवार सोडून गेले हे इथेच दिसतं. त्यांच्याशिवाय गिरी चार लाखांपर्यंत पोचूच शकले नसते.

मग खालचे उमेदवार एकेक करून बाद झाले, शेवटी देशमुखही. त्यांच्या मतपत्रिकांवरच्या पुढच्या पसंती मोजल्या. अखेरचा आकडा असा झाला: गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७.

वजाबाकी करून बघा. या दुसऱ्या टप्प्यात रेड्डींच्या खात्यात ९१,८७९ ची भर पडली आणि गिरींच्या खात्यात फक्त १८,५६२ ची. म्हणजे निजलिंगप्पांनी मागितलेली मतं बऱ्याच अंशी त्यांना मिळाली! तरी ते हरले, कारण घरातली आधीच गेली होती.

शेवटचा फरक १४,६५०. इथे आपला ५७६ कामाला येतो. एका खासदाराने गिरींऐवजी रेड्डींना मत दिलं असतं, तर एकाचे ५७६ कमी आणि दुसऱ्याचे ५७६ जास्त. म्हणजे फरक ११५२ ने घटला असता. १४,६५० ला ११५२ ने भागलं की येतात बारा आणि थोडे वर. फक्त १३ खासदार! १३ जणांनी मन बदललं असतं, तर नीलम संजीव रेड्डी ३२६ मतांनी राष्ट्रपती झाले असते. आतापर्यंतच्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकांत दुसऱ्या पसंतीपर्यंत मोजणी जाण्याची ही एकमेव वेळ आहे.

२४ ऑगस्टला गिरींनी शपथ घेतली. नोव्हेंबरमध्ये निजलिंगप्पांनी इंदिरा गांधींना पक्षातून काढलं आणि काँग्रेसचे दोन तुकडे झाले. निवडणुकीला कोर्टातही आव्हान दिलं गेलं आणि पदावर असलेल्या राष्ट्रपतींनी सुप्रीम कोर्टात येऊन स्वतः साक्ष दिली. ती याचिका फेटाळली गेली. रेड्डी मात्र १९७७ मध्ये राष्ट्रपती झालेच, तेही बिनविरोध.

आवाज नक्की कुणाचा?

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. तिथे मॉरल सायन्सच्या तासाला शिकवायचे, की अंतरात्म्याचा आवाज हळू असतो, तो ऐकायला एकटं बसावं लागतं. १९६९ चा आवाज काही हळू नव्हता, तो पंतप्रधानांच्या घरातून आला होता. मग गिरींना मत देणारा काँग्रेसचा खासदार स्वतःच्या मनाप्रमाणे वागला, की एका पुढाऱ्याचा हुकूम मोडून दुसऱ्याचा पाळला? काहींना खरंच गिरी योग्य वाटले असतील. काहींनी वारं कुठून वाहतंय ते बघितलं असेल. कुणाचं काय होतं, हे मतपत्रिकेवरून कधीच कळणार नाही, कारण ती गुप्त आहे.

आणि माझ्या मते गुप्त मतदानाची खरी गोम इथेच आहे. ते मनापासून मत देणाऱ्याला जेवढं झाकतं, तेवढंच संधिसाधूलाही झाकतं. दुसऱ्याला उघडं पाडायचं म्हटलं तर पहिल्याचंही संरक्षण जातं. राज्यसभेच्या निवडणुकीत २००३ पासून आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. घोडेबाजार थांबावा हा हेतू. पण मग तिथे अंतरात्म्याला जागा किती उरली? राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मात्र आजही मत गुप्तच आहे. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा सभागृहातल्या मतदानाला लागू होतो, या मतदानाला नाही. पक्ष व्हिप काढू शकत नाही.

पक्षाची रेघ ओलांडण्याचा एक वेगळा प्रकार आपण महाराष्ट्रात बघितलाय. २००७ मध्ये जळगावच्या प्रतिभाताई पाटील उभ्या होत्या, समोर भैरोंसिंह शेखावत. शिवसेना तेव्हा भाजपच्या आघाडीत होती, पण बाळासाहेब ठाकरेंनी मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंना पाठिंबा जाहीर केला. त्या ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६ मतांनी जिंकल्या. तिथे अख्ख्या पक्षानेच, उघडपणे, कारण सांगून रेघ ओलांडली. तेव्हा आमदाराला एकट्याने काही ठरवावं लागलं नाही. १९६९ मध्ये प्रत्येकाला एकेकट्याने ठरवावं लागलं, आणि म्हणूनच ते अवघड होतं.

परत आमच्या मजल्यावर

आता आमच्या त्या 'गद्दारा'कडे येतो. त्याला कुणी पुढाऱ्याने खूण केली नव्हती. त्याला कमिटीवर जागा मिळणार नव्हती. मिळाल्या त्या फक्त शिव्या. सगळे आकडे मांडून झाल्यावर मला वाटलं, १९६९ च्या कित्येक खासदारांपेक्षा याचाच आवाज जास्त अस्सल होता. एकच चूक केली पठ्ठ्याने, मत गुप्त असताना ते मेसमध्ये बोलून दाखवलं!

पण खरं सांगू? चूक त्याची नाहीच. बोलून दाखवल्यावर दोन दिवस अबोला धरणारे आपण होतो, आणि त्यात मीसुद्धा होतो. पुढच्या इलेक्शनला विंगच्या मीटिंगमध्ये "आपली सगळी मतं एकगठ्ठा" असं कुणी म्हणालं, तर मी निदान मान डोलावणार नाही. आपल्या मताची किंमत ५७६ नाही, एकच आहे. पण ते ज्याचं त्याचं आहे. बघा पटतंय का!