रुमालावरची नक्षी, मिनारांमधले दिवे

रमजानच्या रात्री इस्तंबूलमध्ये मान वर केली की आकाशात अक्षरे दिसतात. मोठ्या मशिदींच्या दोन मिनारांमध्ये दोर ताणलेले असतात आणि त्यांवर टांगलेल्या दिव्यांतून शब्द उमटतात. महिना सुरू होताना स्वागताचे, संपताना निरोपाचे. तुर्की भाषेत याला ‘माह्या’ म्हणतात. मूळ शब्द फारसी ‘माह’, म्हणजे महिना.

या दिव्यांची जन्मकथा एका कापडाशी जोडलेली आहे. फातिह मशिदीत अजान देणारे हाफिज अहमद केफेवी उत्तम सुलेखनकारही होते. त्यांनी एका रुमालावर सुंदर कशिदा काढून तो सुलतान अहमद पहिला याला भेट दिला, असे सांगतात. सुलतानाला ती नक्षी इतकी आवडली, की ‘हीच दिव्यांनी मिनारांमध्ये काढा’ असे त्याने फर्मावले. हा सुलतान 1603 ते 1617 या काळात गादीवर होता; ‘निळी मशीद’ त्यानेच बांधवली.

इतिहासाचा दाखला मात्र थोडा वेगळा आहे. 1578 मध्ये या शहरात आलेला जर्मन धर्मोपदेशक सालोमन श्वायगर याच्या प्रवासवर्णनात मिनारांमधल्या दिव्यांचा उल्लेख आहे. म्हणजे दिवे रुमालाच्या आधीचे. तरीही ही कथा टिकली, आणि ती टिकावी अशीच आहे. कारण माह्याचे काम खरोखरच भरतकामासारखे चालते.

कारागीर आधी चौकटींच्या कागदावर मजकूर काढतो. एक खूण म्हणजे एक दिवा. दुसुतीवर घरे मोजून फुलीचा टाका घालणाऱ्या कुणालाही हा हिशेब लगेच कळेल. ठिपके मोजून रांगोळी काढणाऱ्यांनाही. मग तेलाचे छोटे काचेचे दिवे मोजून ठरवलेल्या अंतरावर उभ्या दोऱ्यांना बांधायचे, पेटवायचे आणि मिनाराच्या सज्जातून एकेक दोरी आडव्या दोरावरून पुढे सरकवायची. असा शब्द हळूहळू विणला जाई. समुद्रावरचा वारा सुटला की दोर झुलत, वाती विझत. तेल संपले की अक्षरही संपे. रात्रभराच्या या नक्षीसाठी एवढे कष्ट! ‘कंदील’ हा आपला शब्द आणि त्या दिव्यांचे ‘कांदिल’ हे तुर्की नाव मुळात एकच, अरबी.

माह्यासाठी दोन उंच मिनार हवेत. एयुप सुलतान मशिदीचे मिनार बुटके होते, म्हणून 1723 मध्ये ते वाढवण्यात आले. दिव्यांसाठी दगडी बांधकाम उंचावले गेले, यावरूनच लोकांना त्यांची केवढी ओढ होती ते समजते.

मजकूर नेहमी धार्मिकच असे, असेही नाही. फुले, नावा अशी चित्रेही निघत. पहिल्या महायुद्धाच्या काळात जखमींची शुश्रूषा करणाऱ्या ‘लाल चंद्रकोर’ संस्थेला विसरू नका, अशी आठवण दिव्यांनीच करून दिली. मशिदीत पाऊल न टाकणाऱ्यालाही ती रस्त्यावरून वाचता येत होती, आणि त्या शहरात ग्रीक, आर्मेनियन, ज्यू शेजारीही होतेच. 1928 मध्ये तुर्की भाषेची लिपी बदलली आणि अरबी वळणाला सरावलेल्या हातांना लॅटिन अक्षरे नव्याने बसवावी लागली.

आता तेलाच्या जागी विजेचे दिवे आले आहेत. ते वाऱ्याने विझत नाहीत. मात्र ज्योतीची ती थरथर त्यांच्यात नाही. चौकटी मोजणे, दोर ताणणे आणि तो ओढायला मिनाराच्या अरुंद पायऱ्या चढणे मात्र अजून सुटलेले नाही.