कॉर्फबॉल: बॉल हातात नसताना काय करायचं?

आठवडाभर मी कोड लिहितो, रविवारी चितेगावात शाळेच्या मुलामुलींना कॉर्फबॉल शिकवतो. पहिल्या दिवशी चौघंही अटॅकर बास्केटखालीच गोळा झाले. त्यात मुलं मुलींना पासच देईनात. चारात दोन मुली. त्यांना वगळलं की अटॅक अर्धाच राहिला ना!

या खेळात बॉल घेऊन पळता येत नाही. डिफेंडर हाताच्या अंतरावर, तुमच्या आणि खांबाच्या मध्ये हात वर करून उभा असेल, तर शॉटही मारता येत नाही. म्हणून चुन्याने खुणा केल्या: एक रिबाउंडला, एक पास द्यायला, दोघं शॉटला. पास दिला की खांबाकडे धावायचं. डिफेंडर मागे सरकला की झटकन बाहेर. पुढच्या रविवारी पहिला गोल एका मुलीने केला. पास मुलाचा होता!