कोयनेचा धक्का : जमीन खाली कुठे सरकली, हे वरून कसं कळतं?

औंध (ता. खटाव) : कोयनेकडे धक्का बसला की मोबाईलवर मेसेज फिरायला लागतात, "आज रात्री अजून मोठा येणार". तारीख-वेळ सांगणाऱ्या अशा मेसेजवर विश्वास ठेवू नका. ते जगात कुणालाच सांगता येत नाही. पण मोठा भूकंप होऊन गेल्यावर खाली जमीन कुठे आणि किती सरकली, हे मात्र आता काढता येतं.

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनानगर हादरलं. १७५ हून अधिक माणसं गेली. तेव्हा असं मोजमाप करणारे उपग्रह नव्हते. जमिनीला पडलेल्या भेगा आणि भूकंपमापकाच्या नोंदी, यावरूनच अंदाज बांधावा लागला.

आता कसं मोजतात?

रडारचा उपग्रह ढगातून आणि रात्रीही जमीन पाहतो. भूकंपाआधीची आणि नंतरची नोंद ताडून पाहिली की काही सेंटीमीटरचा फरकही दिसतो. जमिनीवर पक्के बसवलेले जीपीएस त्याहून बारीक, मिलिमीटरमध्ये सरक सांगतात.

वाकळीखाली पाय हलवला की वरच्या सुरकुत्यांवरून पाय कुठे आहे ते कळतं, तसंच हे. शास्त्रज्ञ संगणकावर भेग मांडतात : लांबी इतकी, खोली इतकी, सरक इतकी. मग वरची जमीन किती हलायला हवी ते काढतात. मोजमापाशी जुळलं नाही तर आकडे बदलून पुन्हा मांडतात. २०१५ च्या नेपाळ भूकंपात काठमांडूचा भाग सुमारे एक मीटर वर उचलला गेल्याचं अशाच मोजमापातून दिसलं.

कोयनेत अडचण काय?

इथले बहुतेक धक्के लहान. त्यात वरची जमीन इतकी कमी हलते, की उपग्रहाला दिसत नाही. शिवाय सह्याद्रीची दाट झाडी आडवी येते. म्हणून इथे भूकंपमापकच मुख्य आधार. कराडच्या केंद्र सरकारच्या प्रयोगशाळेने गोठणे इथे ३ किलोमीटर खोल बोअरही घेतलं आहे. जुलै २०२५ मध्ये सोडलेल्या 'निसार' उपग्रहाच्या लांब लहरी झाडीतून जास्त आत जातात, त्याचा पुढे उपयोग होईल.

आपण काय करायचं?

१९९३ ला किल्लारीत दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदाखाली माणसं दबली. नवीन घर बांधताना दारं-खिडक्यांच्या वरून घरभर फिरणारा काँक्रीटचा पट्टा घ्या. धक्का थांबल्यावर भिंतींना नव्या भेगा पडल्यात का, ते आधी बघा.